अकरा खिळ्यांचा फळा

बोरस्ते काकांच्या लेखी जगात तीनच प्रकारचा माल होता : पास, रिवर्क आणि स्क्रॅप. ओझरच्या विमान कारखान्यात बत्तीस वर्षं इन्स्पेक्टर म्हणून काढल्यावर माणसाला चौथा प्रकार सुचत नसावा. निवृत्त होऊन ते अमृतधामला आमच्या सोसायटीत राहायला आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी इमारतीची तपासणी उरकली. लिफ्ट, स्क्रॅप. पाण्याची मोटर, रिवर्क. जिन्याचा कठडा, पास, "पण रंग देणारा स्क्रॅप." सोसायटीचा सेक्रेटरी या नात्याने मी वही घेऊन त्यांच्या मागे फिरत होतो. शेवटी त्यांनी मला चपलेपासून केसांपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "रिवर्क. वेळ लागेल."

मी दोन दिवस धुमसत होतो. मग आमच्या चेअरमनना काय शेरा मिळाला ते कळलं, आणि तेव्हापासून मी माझा शेरा बिल्ल्यासारखा मिरवू लागलो.

काका बुटके. पांढरा शर्ट, गळ्याचं बटण लावलेलं, खिशात सहा इंची स्टीलची पट्टी. ती पट्टी ते कशालाही लावत. भिंतीच्या भेगेला, पावाच्या लादीला, एकदा तर माझ्या मुलीच्या वाढदिवसाच्या केकला. "अर्धा किलो सांगितला होता ना? मग उंची कुठं गेली?" पाहुण्यांसमोर. केक कापायच्या आधी.

नव्या वस्तूंचा त्यांना राग होता असं लोक म्हणत. चूक आहे. राग यायला समोरच्याची थोडी तरी पत्रास असावी लागते. काकांना नव्या वस्तूंची कीव नव्हती, भीती नव्हती, रागही नव्हता. निव्वळ तुच्छता होती, आणि ती वस्तूपेक्षा वस्तू विकत घेणाऱ्यासाठी जास्त राखून ठेवलेली असे. आमच्या इमारतीत असा सर्वांत मोठा खरेदीदार मीच. त्यामुळे माझ्या घरी चहाला यायला त्यांना आवडायचं.

मी तेव्हा तो बोलका डबा आणला होता. हाक मारली की गाणी लावतो, हवामान सांगतो, दिवे लावतो. आमच्या दिव्याचं बटण सोफ्यापासून दोन पावलांवर आहे. ती दोन पावलं वाचवायला मी तो आणला. काकांना मी ऐटीत प्रात्यक्षिक दाखवलं. दिवा लागला, विझला, परत लागला. काका बशीत चहा ओतत म्हणाले, "हा ऐकतो कधी?"

"हाक मारली की."

"हाक मारली हे त्याला कळतं कसं?"

"ऐकतो ना तो."

"म्हणजे हाक मारायच्या आधी पण ऐकतच असणार."

सहा महिने तो डबा माझ्या घरात होता आणि हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. काका उठले, स्वयंपाकघरात गेले, माझ्या बायकोला म्हणाले, "मंगल, एक पातेलं दे बरं, जाड बुडाचं." ते पातेलं त्यांनी डब्यावर पालथं घातलं आणि परत येऊन चहा संपवला. "कारखान्यात एखादा माणूस दिवसभर न बोलता माझ्या टेबलाला कान लावून उभा राहिला असता तर मी सिक्युरिटीला बोलावलं असतं. तू त्याला पैसे देऊन घरी आणलाय."

ते पातेलं अजून तिथेच असतं. माझ्या आईबद्दल बोलायचं असलं की मंगल ते आधी पालथं घालते.

एकदा मी त्यांना कॉलेज रोडवरच्या एका मोठ्या कपड्याच्या दुकानात नेलं. ही माझीच कल्पना. काउंटरवरच्या मुलीने नेहमीच्या सुरात विचारलं, "मोबाईल नंबर, सर?"

"कशाला?"

"बिलासाठी, सर. ऑफर्स येतात."

"मी बनियन घेतल्यात. दोन. त्या मला फोन करणार आहेत का?"

"नंबर टाकल्याशिवाय सिस्टीम पुढे जात नाही, सर."

"मग सिस्टीमचा नंबर दे. मी बोलतो तिच्याशी."

मागे रांग लागली. कुणीतरी घसा खाकरला. मला लाज वाटली आणि मी पुढे होऊन माझा नंबर सांगून टाकला. त्या दिवसापासून ते दुकान दर सणाला मला पंच्याऐंशी साइजच्या बनियनीची आठवण करून देतं. मला शंभर लागते. बाहेर पायऱ्यांवर काका थांबले. "किती पटकन दिलास रे! रस्त्यात कुणी तुझी चप्पल मागितली असती तर निदान विचारलं असतंस, का म्हणून."

आणि गेटवरचा टॅबलेट. तोही मीच आणला, सेक्रेटरी म्हणून. येणाऱ्या प्रत्येकाचा फोटो काढायचा, नाव टाकायचं, मग ज्याच्याकडे यायचं त्याच्या मोबाईलवर विचारणा. बैठकीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काका उभे राहिले. "बत्तीस वर्षं मी देशाच्या लढाऊ विमानांच्या गेटातून आतबाहेर केलं. तिथं माझा फोटो एकदा काढला, तो निवृत्तीपर्यंत चालला. तुम्ही दूधवाल्याचा रोज काढणार. काय चोरेल तो? लिफ्ट? ती तर जागची हलत नाय."

कुणी हसलं नाही, कारण लिफ्ट खरंच बंद होती.

आता तो फळा. काकांच्या बैठकीच्या खोलीत देवाच्या फोटोपेक्षा मोठा, प्लायवूडचा, राखाडी रंगाचा फळा होता. त्यावर अकरा खिळे. प्रत्येक खिळ्याला रुपयाएवढं पितळी टोकन लटकलेलं. नवा माणूस आला की आधी त्याला वाटायचं, किल्ल्यांचा फळा आहे. मग काका समजावून सांगत आणि पाहुणा जरा सरकून बसे.

कारखान्यात हत्यारांचा असाच फळा असतो. प्रत्येक पान्याची आकृती त्यावर रंगवलेली. पाना घेतला की त्याच्या जागी आपल्या नंबराचं टोकन लटकवायचं. पाना परत आणला की टोकन घेऊन जायचं. पाळी संपली की इन्स्पेक्टर फळ्यासमोर उभा. पाना नाही आणि टोकन लटकतंय, म्हणजे पाना विमानात राहिला असू शकतो. मग ते विमान उडत नाही आणि टोकनवाला घरी जात नाही.

"एकदा दहा नंबरचा पाना मिळेना," काका सांगत. "पंखावरचे पत्रे उघडले. सीट काढली. चाळीस माणसं खोळंबली. संध्याकाळी सापडला. कुठं? टोकनवाल्याच्या जेवणाच्या डब्यात. चपातीखाली. चुकून पडलेला. कुणी त्याला एक शब्द बोललं नाय. पण त्यानं पुढची वीस वर्षं डबा आणला नाय. कँटीनला जेवला."

निवृत्तीनंतर मुलीने त्यांना बटणांचा मोबाईल घेऊन दिला तेव्हा काकांनी सरळ नियम केला : नंबर हे माझं हत्यार आहे. जो नेईल त्याचं टोकन फळ्यावर लागेल. मुलगी, जावई, डॉक्टर, काकांचा सायखेड्याजवळचा भाऊ, गॅसवाला, असे मोजून अकरा. मी सेक्रेटरी असूनही मला नंबर मिळायला पाच महिने लागले. तीन मुलाखती झाल्या. मग एका रविवारी त्यांनी लोखंडी पंच काढले, पितळेच्या चकतीवर हातोडीने एकेक अक्षर ठोकलं आणि सातव्या खिळ्याला टोकन लावलं. त्यावर माझं नाव नव्हतं. नुसतं 'सेक्रेटरी'. मी विचारलं तर म्हणाले, "पद जाईल तेव्हा टोकन पण जाईल."

या सगळ्याला मी आधी म्हातारपणीचा चाळा समजत होतो. बारावी चकती पाहिली तेव्हा कळलं.

ती काकांच्या बायकोच्या, सुमनकाकूंच्या गळ्यात होती, मंगळसूत्राशेजारी काळ्या दोऱ्यात. काकू गोऱ्या, हसऱ्या, काकांनी आयुष्यात 'पास' म्हटलेलं बहुधा एकमेव माणूस. त्यांना विसरायला होऊ लागलं होतं. आधी गॅस, मग वार, मग आपण कुठल्या घरात राहतो तेच. ओझरच्या टाउनशिपमधलं क्वार्टर मात्र त्यांना भिंतीवरच्या खिळ्यांसकट आठवायचं. अधूनमधून त्या तिकडे जायला निघायच्या. म्हणून चकतीवर काकांचा नंबर ठोकलेला. ज्याला काकू सापडतील तो या नंबरवर फोन करील. शिवाय काकूंना तो नंबर पाठ होता. नातीचं नाव चुकायचं, नंबर चुकायचा नाही, गाण्यासारखा म्हणायच्या.

"हा फोन त्या एका कॉलसाठी आहे," काका मला म्हणाले होते. "अकरा माणसं काम असल्याशिवाय लावत नायत. म्हणजे अनोळखी नंबर वाजला की ती. पहिल्या रिंगला उचलायचा."

आणि ते उचलायचे. अंघोळीतून ओल्या हाताने उचलायचे.

मी अर्थातच सुधारणा सुचवली. मुलांसाठी मिळतं ते घड्याळ आणलं, ज्यात माणूस कुठे आहे ते मोबाईलवर दिसतं. काकांनी विचारलं, "ती कुठं आहे हे कुणाला कळणार?" मी म्हटलं, "तुम्हाला." ते म्हणाले, "आधी घड्याळवाल्याला. मग मला." तरी मी काकूंच्या हातात बांधलंच. पहिल्याच दिवशी माझ्या मोबाईलने काकू रामकुंडाच्या मधोमध उभ्या असल्याचं दाखवलं. मी जिना धावत उतरलो. काकू आपल्याच दारात बसून मटार सोलत होत्या. दुसऱ्या दिवशी घड्याळ सहा तास एकाच जागी दिसलं. ते त्यांनी काढून गव्हाच्या डब्यात ठेवलं होतं, गव्हाला किडे लागू नयेत म्हणून.

"गहू कुठं आहेत ते कळलं," काका म्हणाले. "स्क्रॅप."

आता माझ्या कर्तृत्वाकडे वळतो.

मी सायखेड्याच्या शेतकऱ्याचा मुलगा. वडील अजून कांदा लावतात. मी एका द्राक्षं निर्यात करणाऱ्या ऑफिसात कागद रंगवतो आणि खऱ्या मातीला पाय लावून मला काही वर्षं झाली आहेत. पण मोबाईलमध्ये माझं शेत होतं. गेममधलं. वांगी, मका, एक गाय. ठरावीक वेळाने पाणी घालावं लागायचं. ऑफिसात मी वॉशरूमला जाऊन वांग्यांना पाणी घालायचो. कांदा काढणीला वडिलांनी बोलावलं तेव्हा 'ऑफिसात काम आहे' म्हणून मी गेलो नव्हतो, आणि त्याच दिवशी मी मका काढला. मंगल म्हणाली, "त्या गाईचं दूध तरी आणा घरी."

मला शेतात बुजगावणं हवं होतं. त्याला पन्नास हिरवी नाणी लागत. माझ्याकडे नव्हती. तर खाली एक पाटी उगवली : तुमच्या फोनमधले सगळे नंबर बघू द्या, पन्नास नाणी फुकट. खाली दोन बटणं होती. 'नको' हे बारीक आणि फिकट. 'चालेल' हे हिरवंगार. मी किती विचार केला असेल? बनियनच्या वेळी केला होता तेवढाच.

पाच मिनिटांत माझ्या यादीतल्या एकूण एक माणसाला माझ्या नावाने संदेश गेला : 'तुमचा मित्र तुम्हाला त्याच्या शेतात बोलावतोय. वांगी सुकत चालली आहेत. लवकर या!' तो माझ्या साहेबांना गेला. मुलीच्या वर्गशिक्षिकेला गेला. नळ दुरुस्त करणाऱ्याला गेला. माझ्या वडिलांचा घाबराघुबरा फोन आला, "कुणाची वांगी सुकली रे? आपल्याकडं तर कांदा हाय."

आणि तो काकांना गेला.

ते दारात उभे राहिले. हातात तो बटणांचा फोन. आत आले नाहीत. "पाना कुठंय?"

मी आधी साफ नाकारलं. म्हटलं, हॅकिंग असेल. काकांनी संदेश वाचून दाखवला, माझ्या नावासकट, एखादं समन्स वाचावं तसा. मग मी कबूल झालो.

"किती मिळाले?"

"पन्नास नाणी. खरी नाही, गेममधली."

"त्यात काय येतं?"

"बुजगावणं."

काकांनी फोन खिशात ठेवला. "ते वेगळं घ्यावं लागलं तुला?"

मंगल आतल्या खोलीत गेली. तिचा हसण्याचा आवाज भिंतीतून येत होता. मी म्हटलं, "काका, मी आत्ता तुमचा नंबर डिलीट करतो."

"तुझ्याकडचा करशील. त्यांच्याकडचा?"

मी खिशातून मोबाईल काढला आणि परत ठेवला.

"पाना परत आणता येतो. डब्यातून निघाला, विमानातून निघाला. नंबर कसा आणशील? आण आणि टोकन घेऊन जा."

घरी जाऊन त्यांनी सातव्या खिळ्यावरचं टोकन उलटं करून लटकवलं, अक्षरं फळ्याकडे. काढलं नाही.

दोन दिवसांनी त्यांचा फोन वाजायला लागला. लोन पाहिजे का. त्र्यंबक रोडला प्लॉट आहे. गुडघेदुखीचं तेल. अभिनंदन, तुम्ही बक्षीस जिंकलात. दिवसाला तीस-तीस. पहिले काही दिवस काका प्रत्येक फोन पहिल्याच रिंगला उचलत राहिले. मी जिन्यावरून जाताना ऐकायचो. "हॅलो, कुठं आहे ती?" आणि मग, "नको." दिवसातून तीस वेळा त्यांच्या जिवाचं पाणी होत होतं आणि तीस वेळा समोर तेलवाला निघत होता. मी म्हटलं, नवं सिम घ्या. ते म्हणाले, "तिला हा पाठ आहे."

दुसऱ्या आठवड्यात ते फोन कट करायला लागले.

तो मंगळवार होता. काकू रोज सकाळी खालच्या बागेतून फुलं आणायच्या, अर्ध्या तासात वर यायच्या. साडेदहाला काका माझ्या दाराशी आले. मी ऑफिसला निघत होतो. ते म्हणाले, "बागेत नाय. मागच्या गल्लीत नाय. मंदिरात पण नाय." आवाज नेहमीचाच होता, पण शर्टाचं गळ्याचं बटण उघडं होतं. मी ते पहिल्यांदा पाहिलं.

गेटवर गेलो. माझा तो टॅबलेट तिथे होता. आत येणाऱ्या प्रत्येकाची नोंद त्यात होती : दूधवाला, पेपरवाला, कुरिअरवाले दोन. बाहेर जाणाऱ्याची नोंद करायची सोयच नव्हती. कुणी बाहेर जाईल असं आम्हाला सुचलंच नव्हतं. वॉचमन म्हणाला, "आजी गेल्या ना हायवेकडं. मला वाटलं, नेहमीसारख्या."

मी गाडी काढायला वळलो तर काका गेटशेजारच्या पायरीवर बसले होते आणि फोनकडे बघत होते. "सकाळपासून सतरा कट केलेत," ते म्हणाले.

त्यांनी फोन माझ्यापुढे धरला.

"वाच. मला बारीक दिसत नाय."

मी नंबर वाचत गेलो आणि काका एकेक लावत गेले. त्या पायरीवर बसून बत्तीस वर्षांच्या इन्स्पेक्टरने प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, हात जोडल्यासारख्या आवाजात. "नमस्कार. तुमचा फोन आला होता. माझी बायको तुमच्याकडं आहे का?"

पहिला नंबर रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज. ती हिंदीत बोलत राहिली, काका ऐकत राहिले, न जाणो पुढे काही सांगेल म्हणून. दुसऱ्याने लगेच कर्जाचा व्याजदर सांगितला. "नाय हो, माझी बायको..." तो म्हणाला, "मॅडमच्या नावावर पण करून देऊ, सर." तिसरा बंद. चौथा प्लॉट. पाचव्या नंबरला पोरगी होती, ती म्हणाली, "काय चेष्टा करता का आजोबा?" आणि फोन ठेवला. काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. एकदाही नाही. मला त्यांनी शिव्या दिल्या असत्या, निदान स्क्रॅप म्हटलं असतं, तर मी सुटलो असतो. ते फक्त म्हणत होते, "पुढचा."

नवव्या की दहाव्या नंबरला बराच वेळ रिंग वाजली. मग एका माणसाचा आवाज, मागे इंजिनाची घरघर. "अहो, कुठं होता तुम्ही? तीनदा लावला म्या फोन! तीनदा कट!" तो एसटीचा कंडक्टर होता. "मावशी आडगाव नाक्याला बसल्या. तिकीट म्हटलं तर म्हणल्या, माझा पास हाय. लय ठाम. मग गळ्यातलं ते पितळी दिसलं, त्यावर नंबर. तुम्ही काय उचलंनात. मी त्यांना टाउनशिपच्या गेटापाशी त्या किराणा दुकानात बसवलंय. दुकानवाला ओळखतो म्हणला."

काका म्हणाले, "तुमचं नाव काय?" त्याने सांगितलं. काकांनी ते दोनदा म्हणून घेतलं. मग उठले आणि गळ्याचं बटण लावलं.

माझ्या स्कूटरवर आम्ही ओझरला गेलो. दहाव्या मैलाशी त्यांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी पहिल्या रिंगला उचलला, ऐकलं आणि म्हणाले, "नको."

काकू दुकानात स्टुलावर बसून दुकानदाराची तूरडाळ निवडत होत्या. काकांना पाहून त्यांचा चेहरा उजळला. "आज लवकर सुटलात?"

"हो," काका म्हणाले. "काम आटोपलं."

"आणि हे कोण?"

काकांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं, चपलेपासून केसांपर्यंत. "हे होय," ते म्हणाले, "यांचा पाना हरवलाय."

"अगंबाई," काकू म्हणाल्या. "मग घरी कसे जाणार?" कारखान्यातल्या माणसाच्या बायकोला तेवढा नियम माहीत असतोच. त्यांनी मला बसायला पोतं दिलं.

मी घरी येऊन गेम काढून टाकला. काढताना त्याने विचारलं, 'तुमची गाय उपाशी राहील, नक्की?' मी हो म्हटलं. टॅबलेट गेटवर अजून आहे. बैठकीत मी तो काढायचा ठराव मांडला तर सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी लिफ्टच काढा म्हणतोय.

काका-काकूंनी पुढच्या हिवाळ्यात टाउनशिपच्या गेटासमोर दोन खोल्या भाड्याने घेतल्या. काकूंना सारखं तिकडेच जायचं असतं, तर तिकडेच राहू, असा साधा विचार. टेम्पो भरताना मी मदतीला गेलो. काकांनी मला एक बादली धरायला दिली आणि "नीट" म्हणाले. मग त्यांनी फळा भिंतीवरून उतरवला. दहा खिळे रिकामे होते. सातव्यावर माझं टोकन, उलटंच.

"बाकीच्यांची?" मी विचारलं.

"परत दिली. तो नंबर बंद केला. नवा घेतला, नवी टोकनं ठोकली, तिकडं गेल्यावर लावीन. एक टोकन त्या कंडक्टरचं पण लावलं असतं, तो नको म्हणाला. म्हणाला, नवा पण मला पाठच आहे."

"काकूंना पाठ होता ना पण जुना?"

काका पट्टीने फळ्याची कड उगाच मोजत राहिले. "आता नाय," ते म्हणाले.

मी बादली खाली ठेवली. म्हटलं, "मग माझंही द्या ना टोकन. नंबरच राहिला नाही."

"नंबर राहिला नाय कसा? माझ्याकडं नाय. तो पडून थोडाच राहणार? दुसऱ्या कुणाला देतील. तुझे तेलवाले आता त्याला छळतील. पाना बाहेरच आहे तुझा." त्यांनी फळा टेम्पोच्या मागच्या फळीला दोरीने आवळला, तोंड बाहेर करून. "आण आणि घेऊन जा."

काकू पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या, मांडीवर पर्स, गळ्यात नवी चकती. कारखान्याच्या बसने निघाल्यासारख्या ताठ. काका त्यांच्या पलीकडे चढले. हात वगैरे हलवला नाही. टेम्पो गेटातून बाहेर पडला. बाहेर जाणाऱ्यांची नोंद अजूनही होत नाही. वळणावर उन्हात सातव्या खिळ्यावरचं टोकन हिंदकळलं, एक गिरकी घेऊन सरळ झालं आणि परत उलटं झालं.

चार महिन्यांनी एकदा मी तो जुना नंबर लावून पाहिला. तो मी अजून पुसलेला नाही. पहिल्याच रिंगला कुणीतरी उचलला. तरुण आवाज, मागे हातमागाची खटखट, येवल्याकडचा असावा. मी हॅलो म्हणायच्या आत तो ओरडला, "नको म्हटलं ना लोन! किती वेळा सांगू?"

मी 'माफ करा' म्हणेपर्यंत त्याने कट केला होता.